ट्रेंडिंगला आलो, पण खासबागेत कुणाला कळलंच नाही

शहापूरची_वीणा (धागाकर्ती)

नमस्कार मंडळी. बरेच दिवस डोक्यात घोळतंय, आज लिहून टाकते.

आमच्या बेळगावातली, कर्नाटकच्या २०२३ च्या विधानसभेची गोष्ट. मतदान १० मेला होतं. त्याआधी काही दिवस भाच्यानं घरच्या ग्रुपवर मेसेज टाकला: "आज संध्याकाळी बरोब्बर ७ वाजता. ६.५९ ला नको, ७ लाच. टॅग खाली दिलाय, मजकूर तयार आहेत, एकेकानं किमान दहा टाका." खाली पंचवीस वाक्यं. माझं ट्विटरवर खातं नव्हतं, त्यानंच काढून दिलं. फोटो माझा, बोटं त्याची. साडेसातला वरच्या खोलीतून आरडाओरडा, "आलं, आलं, ट्रेंडिंगला आलं!" कुंदा संपला होता म्हणून मी सगळ्यांना आलेपाक वाटला.

दुसऱ्या दिवशी मी आणि जाऊबाई चिठ्ठ्या वाटायला खासबाग-वडगावकडे गेलो. सगळी विणकरांची घरं. साठ-सत्तर उंबरे झाले असतील. त्या टॅगबद्दल कुणी अवाक्षर काढलं नाही. शेवटी मीच एका आजोबांना विचारलं तर म्हणाले, "टॅग म्हणजे साडीला लावतात ते?" तेव्हा त्यांच्या हातात साडीच होती म्हणा. उलट कुठली तरी आवाजाची क्लिप, कुणाची ती देव जाणे, बहुतेक घरांत पोचलेली.

१३ तारखेला निकाल लागला. बेळगाव महाराष्ट्रात जावं म्हणणाऱ्या महाराष्ट्र एकीकरण समितीला जिल्ह्यात भोपळा.

तर प्रश्न असा, की हॅशटॅग मतदाराला हलवतो की फक्त बातमीदाराला? भाचा कुठल्या पक्षाचा, हे कृपया विचारू नये. गेल्या वेळी वेगळा होता, पुढच्या वेळी आणखी वेगळा असेल.

खानापूरकर_भाऊ

बातमीदाराला. धागा संपला.

कुंदा_कट्टा

भाऊ, थांबा की गा जरा. आत्ता कुठं पॉपकॉर्न फुटायला लागलेत.

खानापूरकर_भाऊ

बरं, सविस्तर लिहितो. आमच्या तालुक्यात कणकुंबी-जांबोटीच्या पट्ट्यात रेंजसाठी माणूस उतारावरच्या एका ठराविक दगडावर जाऊन उभा राहतो. त्या दगडाला पोरांनी 'टॉवर' नाव ठेवलंय. तिथं मत कसं ठरतं? देवळात भजन संपलं की पंच मंडळी बसतात. कोण आला होता, कोण आला नाही, रस्त्याचं काय झालं, ऊस कुणी उचलला. ट्रेंड-बिंड काही नाही. गावातला मुंबईकर गणपतीला आला की मात्र सांगतो, "तुमचा विषय आमच्याकडं लई गाजतोय." आम्ही विचारतो, कुठला विषय?

निखिल_टिळकवाडी

मी पुण्यात आयटीत आहे, थोडं तांत्रिक लिहितो.

ट्रेंडिंगची यादी म्हणजे एकूण मोजणी नव्हे, ती वेग बघते. दिवसभरात हळूहळू पन्नास हजार लोक एखाद्या विषयावर बोलले तर तो यादीत येईलच असं नाही. पाच हजार लोक अर्ध्या तासात एकदम बोलले तर येऊ शकतो. म्हणून तो '७ लाच, ६.५९ ला नको' प्रकार. वीणाताईंचा भाचा हुशार आहे.

# हे चिन्ह टाकून विषय एकत्र करायची कल्पना क्रिस मेसिना नावाच्या माणसानं २३ ऑगस्ट २००७ ला ट्विटरवर मांडली. हेतू साधा होता, एका विषयावरचं बोलणं सापडावं. म्हणजे फायलीवरची चिठ्ठीच. पुढं त्या चिठ्ठीचा झेंडा झाला. २०१९ मध्ये एका बाजूनं 'मैं भी चौकीदार', दुसऱ्या बाजूनं 'चौकीदार चोर है'. दोन्हीकडं शब्द एकच, आणि तोच धरून अख्खी लोकसभा बोलत होती. महागाई, पाणी, पीकविमा यांना असा चटकदार शब्द मिळाला नाही की ते मागं पडतात. माझ्या मते हॅशटॅगचा खरा परिणाम मतावर नाही, कशावर बोलायचं यावर होतो.

पंच_कंग्राळी

पोरांनो, तुमचं सगळं वाचलं. तुम्हाला वाटतं हे नवीन आहे. १९९६ ची लोकसभा आठवते का कुणाला? बेळगाव मतदारसंघात ४५६ उमेदवार उभे होते. चारशे छप्पन! निवडून यायचं नव्हतंच कुणाला. सीमाप्रश्नाकडं देशाचं लक्ष जावं म्हणून गल्लीगल्लीतून माणसं अर्ज भरायला गेली. आमच्या घरातून आम्ही दोघं भाऊ. मतपत्रिका कसली, पुस्तकच ते. दिल्लीचे पेपर आमच्याबद्दल लिहायला लागले.

तोच आमचा हॅशटॅग. फक्त तुमच्यासारखा फुकटातला नव्हता, अनामत स्वतःच्या खिशातली.

आणि त्याही आधी "बेळगाव, कारवार, निपाणी, बीदर, भालकीसह संयुक्त महाराष्ट्र झालाच पाहिजे" ही घोषणा. ती कुणी ७ वाजता पाठवली नव्हती. शाळेत जाता-येता तोंडात असायची. माझ्या धाकट्या बहिणीला भूगोलात कारवार नकाशावर दाखवता यायचं नाही, पण घोषणेत बरोबर दुसऱ्या जागी यायचं.

निखिल_टिळकवाडी

काका, दंडवत! हिशोब केला. तेव्हा लोकसभेची अनामत ५०० रुपये होती, म्हणजे सगळे मिळून सव्वादोन लाखांच्या आसपास. त्याच वर्षी ती १०,००० केली. आता २५,००० आहे. ४५६ जणांना आज एक कोटी चौदा लाख लागतील.

कुंदा_कट्टा

म्हणून पोरं ट्विटरवर आली की. तिथं डिपॉझिट जप्त होत नाही.

अथणीचा_बसू

नमस्कार. मी कन्नड घरातला, शिकलो मिरजेला, म्हणून मराठी वाचतो-लिहितो. चुका पोटात घाला.

मला २०२२ चा डिसेंबर सांगायचाय. विधानसभा निवडणूक पाच महिन्यांवर. आधी नोव्हेंबरात महाराष्ट्रातल्या जतच्या चाळीस गावांवर हक्क सांगणारं कर्नाटकचे मुख्यमंत्री बोम्मईंचं विधान, मग महाराष्ट्राचे दोन मंत्री बेळगावला येणार-येणार. ६ डिसेंबरला हिरेबागेवाडी टोलनाक्यावर महाराष्ट्र पासिंगच्या गाड्यांवर दगड पडले. माझ्या मेहुण्याचा ट्रक. पासिंग सांगलीचं, ड्रायव्हर विजापूरचा कन्नड, आत मका. काच कुणाची फोडली म्हणायची? दोन दिवस तो कोगनोळीच्या अलीकडं गाडी लावून बसला.

त्या दोन दिवसांत माझ्या मोबाइलवर कन्नडमधून एक टॅग आणि मराठीतून दुसरा, दोन्ही पळत होते. मी दोन्ही वाचू शकतो, हीच माझी शिक्षा. वाक्यं सारखीच होती हो! फक्त भाषा बदलायची आणि शत्रूचं नाव बदलायचं. मग १४ डिसेंबरला दिल्लीत अमित शहांनी दोन्ही मुख्यमंत्र्यांना एकत्र बसवलं, प्रत्येकी तीन मंत्र्यांची समिती ठरली, आणि बाहेर येऊन त्यांनीच सांगितलं की मोठ्या नेत्यांच्या नावानं बनावट ट्विटर खाती काढून वातावरण तापवलं गेलं, त्यावर गुन्हे नोंदवू.

म्हणजे मेहुण्याच्या ट्रकवर पडलेला दगड खरा, आणि तो ज्या रागानं मारला त्या रागातला थोडा भाग खोट्या खात्यांवरचा. नवी काच मात्र मेहुण्यानंच बसवली.

गोवावेस

बसूअण्णा, तुमचं मराठी आमच्या गल्लीतल्या पोरांपेक्षा शुद्ध आहे. भारी प्रतिसाद.

सीमावीर_५६

छान चाललंय. सगळे मिळून ठरवताय की आवाजच करू नका. पुण्यात एसीत बसून आम्हाला वेगाचं गणित शिकवा. ज्यांनी सीमालढ्यात १७ जानेवारी १९५६ ला गोळ्या खाल्ल्या त्यांना विचारा

[उरलेला मजकूर: प्रकाटाआ (प्रतिसाद काढून टाकला आहे). वैयक्तिक शेरेबाजी नको. – संचालक]

सीमावीर_५६

ठीक आहे, शांतपणे लिहितो. २०१४ ला येळ्ळूरचा 'महाराष्ट्र राज्य' फलक पोलिसांनी पाडला. लोकांनी पुन्हा उभा केला, तोही पाडला, आणि घरात शिरून माणसांना मारलं. ते मोबाइलवर काढलेले व्हिडिओ फिरले नसते तर मुंबईत कुणाला पत्ता लागला असता? १९८६ ला कन्नडसक्तीच्या आंदोलनात गोळीबार झाला, तेव्हा आमच्याकडं मोबाइल नव्हता. दुसऱ्या दिवशीच्या पेपरात जेवढं छापून आलं तेवढंच जगाला कळलं.

महाराष्ट्राचा सर्वोच्च न्यायालयातला सीमाप्रश्नाचा दावा २००४ चा. वीस वर्षं उलटून गेली. तारखा पडतात. महाराष्ट्रानं मागितलेल्या ८६५ गावांचा प्रश्न लोकांच्या डोळ्यांपुढं ठेवायचा कसा? तुम्ही हसा, पण ज्याच्याकडं सत्ता नाही, पेपर नाही, वाहिनी नाही, त्याच्याकडं हे एकच हत्यार आहे.

पंच_कंग्राळी

सीमावीर, पहिला प्रतिसाद काढला ते बरं झालं. दुसऱ्याला माझं अनुमोदन.

शहापूरची_वीणा

सीमावीर, तुमच्याशी माझं भांडण नाहीच. येळ्ळूरचा व्हिडिओ ही घडलेली गोष्ट होती. माझा प्रश्न त्या पंचवीस तयार वाक्यांबद्दल आहे. मी स्वतः दहा टाकली. त्यातलं एक कुठल्या तरी रिंगरोडबद्दल होतं. तो कुठला, मला आजही माहीत नाही.

गोवावेस

एका मुद्द्याकडं कुणाचंच लक्ष नाही. टॅग कुठला वापरायचा? #बेळगाव, अनुस्वारवालं #बेळगांव, #बेळगावी, #बेलगाम, वर इंग्रजीतली दोन स्पेलिंगं आणि कन्नड लिपीतलं वेगळं. १ नोव्हेंबर २०१४ ला सरकारनं नाव बदललं. तेव्हापासून तुम्ही गावाचं नाव टाइप केलं की बाजू घेतली, पुढं काही लिहायची गरजच नाही. पावसात कुठल्या गल्लीत पाणी तुंबलं एवढंच विचारायला मी एकदा #बेळगावी टाकलं, तर खाली चाळीस शिव्या. पाणी कुठं तुंबलंय ते कुणी सांगितलं नाही.

शिवाय आमची माणसं वेगवेगळी नावं वापरतात, म्हणजे मोजणीही वाटली जाते.

कुंदा_कट्टा

समितीचे उमेदवार वाटले जातात तशी.

खानापूरकर_भाऊ

+१ आणि अश्रू. २०१३ ला दोन आमदार होते, त्यातला एक आमचा खानापूरचा. २०१८ ला समितीचे दोन गट, दोन याद्या, निकाल शून्य. त्यात टॅगचा काय दोष?

हिशेबनीस

मी बरीच वर्षं वाचनमात्र आहे, हा पहिलाच प्रतिसाद. एका उमेदवाराच्या निवडणूक खर्चाचं रजिस्टर मी लिहिलंय. नाव-पक्ष सांगणार नाही.

विधानसभेला खर्चमर्यादा ४० लाख, लोकसभेला ९५. प्रतिज्ञापत्रात उमेदवारानं स्वतःची सोशल मीडिया खाती लिहायची असतात. पैसे देऊन जाहिरात टाकायची तर माध्यम प्रमाणीकरण समितीकडून आधी मंजुरी घ्यायची. सोशल मीडियासाठी पगारी पोरं ठेवली तर तो पगार खर्चात धरायचा. कागदावर सगळं चोख.

आता टॅगचं बघा. वीणाताईंनी टाकलेली दहा वाक्यं माझ्या रजिस्टरात कुठल्या रकान्यात लिहू? त्यांनी पैसे घेतले नाहीत, आलेपाक उलट स्वतःच्या पदरचा. एका मंडपाच्या प्रत्येक खुर्चीचा हिशोब मी दिलाय, निरीक्षक मोजून गेले. चहाचे कप मोजले. पण चार दिवसांत हजारो पोस्ट पडल्या त्यांचा खर्च आमच्या वहीत शून्य. कायद्यानं त्यात चूकही काही नाही. कुणी मागून पैसे दिले असतील तर ते वहीपर्यंत येतच नाहीत.

दुसरं, मतदानाआधीचे ४८ तास. भोंगा बंद, सभा बंद, बाहेरच्या कार्यकर्त्यानं मतदारसंघ सोडायचा. २०१९ पासून सोशल मीडिया कंपन्यांनी निवडणूक आयोगाशी ठरवलंय की त्या काळात आयोगानं दाखवून दिलेला मजकूर तीन तासांत काढू. पण टॅगला मतदारसंघ कुठला? बाहेरचा कार्यकर्ता कोल्हापूरला परत गेला आणि तिथं खाट टाकून तेच चालू.

निखिल_टिळकवाडी

हिशेबनीस, वाचनमात्र राहू नका हो. धाग्यातला सगळ्यात कामाचा प्रतिसाद.

निपाणीकर_तंबाखू

आमच्या निपाणीचं वेगळंच. २०२३ ला राष्ट्रवादीच्या घड्याळावर लढलेला उमेदवार दुसऱ्या नंबरावर आला, हे मुंबईच्या टॅगवाल्यांना निकालादिवशी दुपारी कळलं. प्रचारात सीमाप्रश्न तोंडी लावण्यापुरता. ऊस, पाणी, पै-पाहुणे आणि कोण कुणाच्या लग्नाला आलं नव्हतं, यावर झाली निवडणूक.

त्याच निवडणुकीत फडणवीस बेळगावात भाजपच्या प्रचाराला, संजय राऊत समितीच्या प्रचाराला. मुंबईत सीमाभागासाठी सगळे एक म्हणतात, इथं आले की आपापल्या पक्षाचे. हे त्या पंचवीस वाक्यांत कुठं बसवायचं?

अथणीचा_बसू

कन्नड बाजूला त्या वेळी दोन गोष्टी खरंच लोकांपर्यंत पोचल्या. एक 'पेसीएम', पेटीएमच्या नावावर केलेली कोटी. सप्टेंबर २०२२ ला काँग्रेसनं बेंगळुरूत भिंतींवर क्यूआर कोडची पोस्टरं लावली, भाजप सरकारवर चाळीस टक्के कमिशनचा आरोप. दुसरं, एप्रिल २०२३ ला कर्नाटकचं नंदिनी दूध विरुद्ध अमूल. या दोन्हींचं टॅगमुळं झालं नाही. पहिल्यात भिंत होती, दुसऱ्यात दुधाची पिशवी. चहाच्या टपरीवर भीम-यूपीआयचा स्टिकर बघून माझा काका हसायचा, त्याला ट्विटर माहीत नाही. हातात धरता येईल अशी वस्तू लागते.

(नंदिनीचं आमच्या घरी काही नाही, दारात म्हैस आहे.)

गोवावेस

अवांतर: म्हैस आहे म्हणजे खवा आहे. खवा आहे म्हणजे कुंदा आहे. पत्ता कळवा.

कुंदा_कट्टा

माझं नाव घेतल्यासारखं वाटलं.

पंच_कंग्राळी

अवांतरात भर. कुंद्याचं सगळे बोलता, मांडे कुणी करत नाही आता. लग्नात मांडे नसले तर आमची आत्या पंगतीतून उठायची.

संचालक

मांड्यांसाठी पाककृती विभागात वेगळा धागा काढावा ही विनंती.

आकडेमोड्या

धाग्याच्या मूळ प्रश्नाकडं. २०२१ ची बेळगाव लोकसभा पोटनिवडणूक घ्या, भाजपचे खासदार सुरेश अंगडींच्या निधनानंतरची. भाजपच्या मंगला अंगडी ५,२४० मतांनी निवडून आल्या. २०१९ ला सुरेश अंगडींचं मताधिक्य तीन लाख नव्वद हजारांच्या वर होतं. आणि समितीचे शुभम शेळके यांना १,१७,१७४ मतं. तेव्हा सगळे म्हणाले, तरुण पोरांनी मोबाइलवर निवडणूक लढवली.

त्याच वर्षी सप्टेंबरात महापालिका. ५८ पैकी ३५ भाजप, समितीला बोटांवर मोजण्याइतक्या जागा. पोरं तीच, मोबाइल तेच. मग एप्रिलचं श्रेय टॅगला दिलं तर सप्टेंबरचं कुणाला द्यायचं?

येळ्ळूर_वेस

मी एप्रिलला फिरलोय म्हणून सांगतो. ते मोबाइलवाल्यांनी नंतर लिहिलं. आम्ही रोज सकाळी सहाला मोटरसायकली काढायचो, एका गावातून दुसऱ्या गावात, तालमीची पोरं, भजनी मंडळ, गणपती मंडळाचे अध्यक्ष. फोटो आम्ही रात्री टाकायचो, दमल्यावर. आधी माणूस, मग फोटो. उमेदवार एकच होता, म्हणून कुणाचं काम करायचं हे भांडण नव्हतं. महापालिकेला एकेका वॉर्डात आपलेच तीन-तीन. तिथं कुठला टॅग लावणार?

नंतर नंतर पोरांना सवय लागली. आधी फोटो, मग जमलं तर माणूस. सभा असली की पहिल्या रांगेत सगळे पाठ करून उभे, सेल्फी. बोलणाऱ्याला नुसती मागची डोकी दिसतात.

सीमावीर_५६

हे पटलं. मीही होतो त्या मोटरसायकलींत. कडोलीच्या बाजूला.

येळ्ळूर_वेस

निळं हेल्मेट? तू तो का गा! पेट्रोलचे दोनशे रुपये द्यायचे आहेत अजून.

सीमावीर_५६

डुआयडीनं (दुसऱ्या नावाच्या खात्यानं) उत्तर देईन.

शहापूरची_वीणा

शंभरी गाठायच्या आत परत येते.

सगळं वाचून रविवारी भाच्याशी बोलले. तो म्हणाला, "मावशी, मतदार हलत नाही हे आम्हालाही माहीत आहे. पण ट्रेंडचा स्क्रीनशॉट नेत्याला पाठवायचा असतो." म्हणजे तिसराच गिऱ्हाईक निघाला. मी मतदार की बातमीदार विचारत बसले होते. पोरं काम केल्याचा पुरावा म्हणून ते करतात, नेता वरच्या नेत्याला तो पाठवतो, आणि वरच्याला वाटतं बेळगाव पेटलंय. मग तो येतो आणि पेटल्यासारखं बोलून जातो.

मी म्हटलं, मग एक टॅग माझा चालव. तालुक्यात भाषिक अल्पसंख्याक पंधरा टक्क्यांच्या वर असतील तर सरकारी सूचना, नियम, कागद त्यांच्या भाषेत मिळावेत असं ठरलेलं आहे ना? सासऱ्यांच्या जमिनीचा उतारा कन्नडमध्ये, मी दर वेळी शेजारच्या मुलीला वाचायला बोलावते. #उतारा_मराठीत असं चालव. सहा महिने, रोज, सावकाश.

त्यानं विचार केल्यासारखं केलं. म्हणाला, "सावकाश चालत नाही तिथं."

निखिल_टिळकवाडी

तांत्रिकदृष्ट्या बरोबर आहे त्याचं.

अथणीचा_बसू

वीणाताई, उतारा मला पाठवा, मी वाचून दाखवतो. जतच्या कन्नड शेतकऱ्याला मराठी सातबारा वाचून दाखवायचं काम मी करतोच. तिकडचे लोक हाच टॅग उलटा चालवतील बघा.

खानापूरकर_भाऊ

#उतारा_वाचता_येईल_असा. दोन्हीकडं चालेल. लांब आहे जरा.

हिशेबनीस

ताई, एक काम सांगतो. खासबागेत ज्या साठ-सत्तर घरांत गेलात, त्यांतली किती नावं यादीत आहेत ते बघितलंत का? मागच्या वेळी आमच्या दोन गल्ल्यांत मिळून तीसेक नावं गायब होती. ट्रेंड बघण्याच्या नादात दुरुस्तीचे अर्ज भरायचे राहून गेले.

शहापूरची_वीणा

बघितलं नाही. आजोबांचं नाव तरी आहे का ते बघते उद्या. भाच्याला गाडी काढायला सांगते. सात वाजता म्हटलं की येतो तो बरोबर.

कुंदा_कट्टा

६.५९ ला नको.